रंगपाटलांचे लग्नकागद

आमच्या शहाद्याच्या शाळेत एके काळी सात पाटील होते. मुख्याध्यापक पाटील, गणिताचे दोन पाटील, पी.टी.चे पाटील, प्रयोगशाळेतले पाटील, ऑफिसातले पाटील आणि चित्रकलेचे पाटील. फोन वाजला आणि पलीकडून कुणी "पाटील सर आहेत का?" असं विचारलं, की फोन घेणारा आधी खुर्ची ओढून बसायचा. अशा गर्दीत माणसाला आडनावाचा काही उपयोग नसतो. म्हणून दिगंबर आनंदा पाटलांना मुलांनी 'रंगपाटील' केलं आणि ते नाव मुख्याध्यापकांच्या तोंडीसुद्धा बसलं.

सर वर्गात अहिराणीच बोलायचे. मी मराठीची शिक्षिका, माझा वर्ग शेजारीच. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "पोऱ्या, मोरनं पोट इतलं मोठं काबर करं? लगीनमा जेवीसन उना का तो?" सगळा वर्ग हसायचा, आणि इकडे संधी-समास शिकणारा माझा वर्गही हसायचा. प्रमाण मराठी सरांनी फक्त रागासाठी राखून ठेवली होती. "आपण कृपया उभे राहावे," असं वाक्य ऐकू आलं, की पलीकडे एकदम शांतता पसरायची. मुलांना कळायचं, आज काही खरं नाही.

त्यांचा एक नेम होता. वाचता येत नाही ते लिहायचं नाही. त्यामागे एक जुनी गोष्ट होती आणि ती ते स्वतःच हसत सांगायचे. नोकरी लागण्याआधी ते नंदुरबारला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका म्हाताऱ्या शिंप्याने आपलं नाव उर्दूत लिहून चिठ्ठी दिली. सरांनी ती चिठ्ठी समोर टाचली आणि झोकात पाटी रंगवली. चिठ्ठी उलटी टाचली होती, हे आठ दिवसांनी कळलं. तो शिंपी रागावला नाही. त्याने यांना दुकानात बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "बेटा, अपना नाम कभी उल्टा टंगा देखा है?" सर म्हणायचे, "ताई, त्यानी माले दोन थोबाडीत मार्‍या असत्या ना, ते मी कव्हळच इसरी गयतू."

चार-पाच वर्षांपूर्वी लग्नसराईत सरांची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. वैशाली नाव तिचं. सुरतला एका कंपनीत नोकरी, आणि कळसाडीच्या निलेशशी लग्न ठरलेलं. तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. परदेशातलं कुणाचं तरी लग्नाचं प्रमाणपत्र होतं. सरकारी छापाचं नव्हे. चौकटीत टांगायचं, हाताने रंगवलेलं. भोवती वेली, डाळिंबं, सोनेरी नक्षी, आणि मधोमध चौकोनी, ठसठशीत अक्षरांचा मजकूर.

"सर, मला अस्संच करून द्या. मोर तुमचे घाला. पण मधली अक्षरं अशीच पाहिजेत. कसली भारी दिसतात!"

सरांनी चार दिवसांत कडा रंगवून काढल्या. असे मोर मी त्यांच्या हातचेही पाहिले नव्हते. पण मधली जागा कोरीच राहिली. मग मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले.

"ताई, ह्या अक्षरं कोनता शेत?"

फोटो पाहून मी म्हटलं, "हिब्रू दिसते. ज्यू लोकांची."

"आपला आठे कोनी वाची का?"

नंदुरबारला माझ्या आईच्या शेजारी एस्तेरबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. बदलीवर आल्या, नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. गल्लीला त्यांच्याविषयी दोनच गोष्टी माहीत होत्या. त्यांचं इंजेक्शन दुखत नाही, आणि शनिवारी त्या कामाला हात लावत नाहीत. मी सरांना म्हटलं, "रविवारी जाऊ."

रविवारी गेलो. सरांनी चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणलं होतं. प्रकाशा गावाजवळ तापीच्या पुलावर बस हादरली तेव्हा त्यांनी ते मुलासारखं छातीशी धरलं. एस्तेरबाईंनी चित्र टेबलावर पसरलं, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"मोर सुरेख आहेत. डाळिंबंसुद्धा. मधे रिकामं का सोडलंय?"

"तिथं ही अक्षरं हवीत, बाई," सर जमेल तितकं मराठी सांभाळत म्हणाले. "मला वाचता येत नाहीत. म्हणून विचारायला आलो."

एस्तेरबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवत हळूहळू वाचू लागल्या, आणि एकाएकी हसायलाच लागल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अहो सर, यात नावं आहेत! कुणा दाविदच्या लग्नाचा कागद आहे हा. तुम्ही जसाच्या तसा उतरवला असतात, तर तुमची वैशाली कायमची त्या दाविदची बायको होऊन भिंतीवर लटकली असती."

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला वाटतं, त्यांना तो शिंपी आठवला असावा.

मग बाईंनी कपाटातून मऊ कापडात गुंडाळलेला आपला स्वतःचा कागद काढला. त्यावर मोर नव्हते, वेली नव्हत्या. साधीच निळी रेघ होती. "आमच्यात याला केतुबा म्हणतात," त्या म्हणाल्या. "ही शोभेची वस्तू नव्हे. शोभा नंतरची. नवरा बायकोला लिहून देतो, तुला जेवूखाऊ घालीन, कपडालत्ता करीन, मानाने वागवीन. हे लग्नात सगळ्यांसमोर वाचतात. दोन साक्षीदार सह्या करतात, आणि ते नात्यातले चालत नाहीत. मग कागद बायकोकडे राहतो."

"बायकोकडं?" सर पुढे सरकले.

"मग? वचन जिला दिलं तिच्याकडे नको?"

सरांनी तो कागद एकदा नीट पाहिला. मग म्हणाले, "आमच्यातबी सात वचनं आहेत, बाई. पण भटजी बोलतो संस्कृतात आणि नवरदेव मान हलवतो. कशाला हलवली, ते त्याला जन्मभर कळत नाही."

चहा झाला. सरांनी भीत भीत आणखी एक विचारलं. वैशालीला त्या परदेशी लग्नातला, काचेचा पेला पायाने फोडण्याचा प्रकारही हवा होता. व्हिडिओत छान येतो म्हणे.

एस्तेरबाईंनी कप खाली ठेवला. "तो नको. फार पूर्वी जेरुसलेमचं आमचं देऊळ पडलं, त्याची आठवण म्हणून तो फोडतात. आनंदात असताना विसरू नये म्हणून. ते आमचं दुःख आहे, सर. दुःख उसनं न्यायचं नसतं."

"नही, नही," सर एकदम अहिराणीवर आले. "पेला ऱ्हाऊ द्या."

"आणि मी काही धर्मातली जाणकार नाही," बाई म्हणाल्या. "ठाण्याला माझे दीर असतात, त्यांना विचारून सांगते."

दोन दिवसांनी फोन आला. दिरांनी सांगितलं होतं, आमची अक्षरं, आमच्या प्रार्थना आणि केतुबा हे नाव वापरू नका. पण लिहून द्यावं, मोठ्याने वाचावं, साक्षीला परका माणूस ठेवावा, ही चांगली गोष्ट आहे. ती कुणीही करावी. फक्त कुठून घेतली असं कुणी विचारलं, तर लपवू नका. सरांनी त्याच दिवशी मोरांच्या पायाखाली बारीक अक्षरात लिहून टाकलं, "ही रीत बेने इस्रायली शेजाऱ्यांकडून, विचारून घेतली." पुढच्या प्रत्येक कागदावर ती ओळ होती. एस्तेरबाईंचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "नको हो. लोक इंजेक्शनला येतील."

मजकुराचं काम माझ्याकडे आलं. मी दोन रात्री खपून लिहिलं, "परस्परांच्या सुखदुःखात सहभागी होऊन सहजीवनाची वाटचाल समृद्ध करण्याचे..." सरांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हाई नवरदेवनं वचन शे का पंचायत समितीनं परिपत्रक?"

मला राग आला होता, पण हसूही आलं. मग त्यांनी वैशाली आणि निलेश दोघांना बोलावलं, समोरासमोर बसवलं आणि विचारलं, तुम्हाला एकमेकांची भीती कशाची वाटते? त्यातून ज्या ओळी निघाल्या, त्याच कागदावर गेल्या. निलेशच्या चार होत्या:

"तुले भूक लागनी ते पहिलं ताट तुन्हं.
तुन्हं बोलनं मधमा तोडाव नही.
तुन्ही नोकरी तुन्ही मर्जी. करनी का सोडनी, तू ठरावशी.
तुन्हा मायबाप आजारी पडनात ते मी बी येसू."

वैशालीच्याही चार होत्या. त्यातली "तुन्हं गुपित मन्ही मायले सांगाव नही" ही ओळ लिहिताना सरांना इतकं हसू आलं, की ब्रश खाली ठेवावा लागला.

आता राहिले साक्षीदार. आपल्याकडच्या लग्नात नात्यातला नसलेला माणूस शोधणं म्हणजे मोठीच पंचाईत. सरांनी स्वतःच्या आणि वैशालीच्या चार पिढ्या मोजल्या, निलेशच्या तीन मोजल्या, आणि आपण कुणाचेच कुणी लागत नाही अशी खात्री झाल्यावर एवढे खूश झाले, की जणू नातं सापडलं होतं. दुसरे साक्षीदार बँडमास्तर रशीदभाई.

लग्न कळसाडीला, भर दुपारी. मांडवात पंखे गरम हवा ढकलत होते. मंगलाष्टकं झाली, हार घातले गेले. सरांनी कागद उघडून धरला, तेव्हा बायका मान उंच करकरून मोर पाहू लागल्या. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत एस्तेरबाई. वैशालीने आपल्या चार ओळी वाचल्या. मग निलेशने बँडचा माईक हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला टाळ्या पडल्या. दुसरीला कुणीतरी म्हातारी आपल्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "हाई मन्हावाला आठे बसेल शे, त्याले बी ऐकाडा!" सगळा मांडव हसला.

मग निलेशने एकदम चौथी ओळ वाचली.

मधली कुठे गेली ते पुष्कळांना कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांनी निलेशच्या मोठ्या काकांकडे पाहिलं. आबा म्हणत त्यांना. साखरपुड्यातच त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की सून नोकरीला जाणार नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. ते आता खुर्चीत ताठ बसून निलेशकडेच पाहत होते.

रशीदभाईंनी सही करायला हात पुढे केला. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"काय व्हयनं सर?" आबांनी विचारलं. "करा ना सही. जेवनं थंडं व्हई ऱ्हायनं."

"जेवण पुन्हा गरम करता येईल," सर म्हणाले. शुद्ध मराठीत. मांडवात त्यांचे विद्यार्थी असतील पन्नासेक. काही चाळिशीतले, पोट सुटलेले. सगळे एकदम गप्प झाले. "नवरदेव, कागदावर आपल्या चार ओळी आहेत. मी तीन ऐकल्या. जे मी ऐकलं नाही, त्याला माझी साक्ष असू शकत नाही."

निलेशच्या मानेवरून घाम ओघळत होता. तो वाईट मुलगा नव्हता. काकांनीच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, वडील लवकर गेले होते. अशा माणसासमोर मान वर करणं सोपं नसतं. वैशालीचे वडील हात जोडून उठायला लागले, जाऊ द्या म्हणायला. तेवढ्यात वैशालीच बोलली. हळू बोलली, पण माईक जवळ होता.

"निलेश, नही वाचनी व्हई ते नको वाचू. पन मंग खोडी टाक. मन्हा समोर खोड."

सरांनी टोपण काढून पेन निलेशच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं. कागदावर टेकवलंही. मी पाहत होते, पेनाचं टोक 'नोकरी' या शब्दाजवळ थांबलं होतं. मग त्याने पेन सरांना परत केलं आणि आबांकडे तोंड करून, माईकची गरज नव्हती इतक्या मोठ्याने, तिसरी ओळ वाचली.

आबा उठले आणि जेवणाच्या मंडपाकडे चालते झाले. सरांनी सही केली. रशीदभाईंनी उर्दूत सही केली आणि लगेच बँडकडे धावले, कारण वाजवणारेही ऐकत उभे राहिले होते. वैशालीने कागद घेतला आणि दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. जेवतानासुद्धा तो तिच्या मांडीवर होता.

पुढचं सांगायचं तर, वैशाली अजून सुरतला नोकरी करते आणि निलेशही तिकडेच लागला. आबा वर्षभर सरांशी बोलले नाहीत. नंतर एक दिवस शाळेत आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी तलाठी झाली होती. आबा दारातच उभे राहिले, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "सर, आमना पोरना बी कागद करा. ती तिसरी ओळ जरा जाड लिखज्यात."

मग काय, कागदांची साथच पसरली. सर तोवर निवृत्त झाले होते, त्यांना वेळच वेळ. एक नवरदेव तो कागद लग्नाची नोंदणी म्हणून थेट सरकारी कचेरीत घेऊन गेला. तिथल्या क्लार्कने मोर निरखून पाहिले, दोन सहकाऱ्यांना बोलावून दाखवले आणि मग नोंदणीचा अर्ज हातात दिला. तेव्हापासून कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ आली, "हा कागद घरचा आहे. सरकारी दाखला वेगळा काढावा."

लग्नाची सजावट करणारा एक तरुणही आला होता. त्याला 'ज्यू थीम' करायची होती. चार खांबांचा मांडव, हिब्रू अक्षरांचे फलक, आणि फोडायला पेल्यांचा खोका. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यासना कोना घर कधी चहा पिना का तू?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नाही. "मंग चाल," म्हणून सरांनी चप्पल घातली. तो आला नाही. आला असता तर एस्तेरबाईंनी त्याला नक्की चहा पाजला असता.

सरांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. कमी बोलणारी बाई. एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना, शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "साऱ्या तालुकाले वचनं लिखी देतस. मन्हा वाटाले काय?"

सरांनी उठून एक कोरा कागद काढला. पण इतरांचे कागद आठवड्यात करणाऱ्या या माणसाला स्वतःचा करायला दोन महिने लागले. एका सकाळी एस्तेरबाईंना आणि मला बोलावणं आलं, साक्षीला. ओट्यावर सतरंजी होती, वहिनी नवं लुगडं नेसलेल्या. सर उभे राहून वाचू लागले. पहिली ओळ नीट गेली, "रंगना हात तुन्हा टॉवेलले पुसाव नही." आम्ही हसलो. दुसऱ्या ओळीला थांबले. इतक्या नवरदेवांना मोठ्याने वाचायला लावणारे सर खाकरत उभे राहिले, पाणी प्याले, पुन्हा खाकरले.

"द्या आठे," वहिनी म्हणाल्या. "माले वाचता येस."

आणि त्यांनी नवऱ्याची सगळी वचनं स्वतःच वाचली, वाण्याची यादी वाचावी तशी, सरळ. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. तिथं लिहिलं होतं, "तुले कधी रडू देवाव नही."

"हाई खोटं शे," त्या म्हणाल्या. "इतला मोठा वायदा करानं वय नही आते. हाई काढा, नि लिखा, रडनी ते जोडे बसी ऱ्हासू."

जोडे म्हणजे जवळ. सरांनी तिथंच बसून ती ओळ बदलली. अक्षर जरा वाकडं आलं. तेवढं एकच वाकडं अक्षर त्यांच्या साऱ्या कागदांत असेल. एस्तेरबाईंनी सही केली, मी केली.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सर गेले. हृदयविकाराने, अचानक. त्याच्या पंधरा दिवस आधी ते मला शहाद्याच्या बसस्टँडवर दिसले होते. सकाळची वेळ, नंदुरबारची गाडी लागलेली. सरांच्या हातात प्लास्टिकचा पाण्याचा लांब पाईप होता आणि तो काही केल्या बसच्या दारातून आत जाईना. आडवा केला, उभा केला, शेवटी तिरपा करून घुसवला.

"हाई काय शे आप्पा?" लेडी कंडक्टरने विचारलं. "पाईपनं तिकीट लागी."

"पाईप नही व बहीन, आतमा लगीनना कागद शे. खांडबाराले चालनू."

खांडबाऱ्याच्या त्या कागदाविषयी त्यांनी मला आधी सांगितलं होतं. तिकडच्या आदिवासींच्या कोकणी बोलीतला होता. नवरीच्या आईसमोर चार वेळा बसून त्यांनी एकेक शब्द तोंडाने शिकून घेतला होता आणि ती मान हलवेपर्यंत वाचून दाखवला होता.

"दखाडा बरं," कंडक्टर म्हणाली.

एवढं पुरे होतं. मी हाक मारायला पुढे झाले, तोवर सरांनी पाईपचं झाकण काढलं होतं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. खिडक्यांतून मला दिसलं ते असं. सर मधल्या वाटेत उभे, कागदाचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं कंडक्टरच्या. पुढच्या बाकावरची माणसं मागे वळलेली, मागची उठून उभी राहिलेली. टोपलीवाली एक बाई टोपली सोडून जवळ आलेली. गाडी फाटकातून वळली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते वाचत होते.